अख्ख्या चाळीचं एकच पातळ

आमच्या चाळीत बावीस बिऱ्हाडं होती आणि चांगलं म्हणावं असं पातळ एकच. ते दुर्गाकाकूंच्या ट्रंकेत असायचं. मोतिया रंगाचं चंदेरी, अंजिरी काठाचं. ज्या घरची मुलगी दाखवायची असेल तिच्या अंगावर ते चढायचं आणि पाहुणे स्टेशनच्या वाटेला लागले की उतरायचं. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या चार महिन्यांत त्याच पातळात तीन निरनिराळ्या मुली पाहिल्या, तेव्हा मला वाटलं, इथल्या बायका ठरवून एकाच दुकानातनं एकसारखी पातळं घेतात की काय. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, हळू बोल.

स्वातंत्र्य मिळून वर्षभर झालं असेल नसेल. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकऱ्या थापताना तुटायच्या आणि खाल्ल्या की पोटात दगड पडल्यासारखं व्हायचं. कापड कंट्रोलचं. चाळीतले सगळे पुरुष मुंबईला कारकून. बाहेर पडताना परीटघडीचा कोट आणि घरात अंगावर चाळण झालेला गंजिफ्राक. आमच्या दोन खोल्यांत मी, हे, सासूबाई, नणंद कुसुम आणि माझं तान्हं. कुणाकडे काय नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे आपापसांत लाज नव्हती. लाज होती ती बाहेरच्यांची. आणि बाहेरच्यांपुढे चाळीची अब्रू सांभाळायचं काम कुणीही न सांगता दुर्गाकाकूंनी आपल्याकडे घेतलं होतं.

काकू बुटक्या, काटक, भराभर चालणाऱ्या. नवरा छापखान्यात होता, तो गेला तेव्हा वासंती, म्हणजे वासू, दहा वर्षांची. तेव्हापासून काकू रोज सकाळी कल्याणला एका वकिलांकडे स्वयंपाकाला जायच्या. त्या वकिलीणबाईंनी एका दिवाळीत त्यांना हे पातळ दिलं. आता विधवा बाईनं चंदेरी पातळ घेऊन करायचं काय? दुसरी कुणी असती तर बोहारणीला घालून दोन पातेली घेतली असती. काकूंनी ते ट्रंकेत ठेवलं. मग त्याच घरून सहा कपबश्या आल्या, एकीला बारीक तडा गेलेला. एक टेबलक्लॉथ आला, टेबल नसताना. अशी ती ट्रंक भरत गेली.

काकूंचे नियम फार कडक. मुख्य नियम असा की मागायला यायचं नाही. कुणाकडे पाहुणे येणार ही बातमी त्यांना बरोबर लागायची, आणि आदल्या संध्याकाळी त्या स्वतः पदराखाली ते पातळ घेऊन यायच्या, फडताळात ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘हे राहू दे इथं.’ बस्स. एकदा मी विचारलं, काकू, आम्हीच आलो तर काय बिघडलं, तुमचा हेलपाटा वाचेल. तर म्हणाल्या, ‘मागितलं की माणूस वाकतं ग सुमन. आणि वाकलेल्या घरची मुलगी पाहुण्यांना लगेच कळते.’

परत करताना आभार मानायचे नाहीत हाही नियम. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी मुलीचं लग्न ठरल्याच्या आनंदात पातळावर नारळ ठेवून परत केलं, तर काकूंनी नारळ तसाच जिन्यावरून परत पाठवला. देवीला नेसवलं होतं का, म्हणे. धुवायचं त्यांनीच, आणि कुठे विरलं असेल तर रफू पण त्यांचाच. तो रफू असा की उलटं करून पाहिलं तरी सापडू नये. निदान आम्हाला तसं वाटायचं.

पातळाबरोबर एक खुर्चीही फिरायची, ती मात्र मालकांची. आमचे मालक धर्माशेठ तिथल्याच आगरी घरातले, जमिनी होत्या, मिठागर होतं. त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून हातांची मोठी खुर्ची घेतली, पण घरात सगळे खाली बसणारे. न्यायला गेलं की म्हणायचे, ‘न्या गो, न्या. मना काय तिच्याव बसाला येतंय?’ मुलगा त्या खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर, मुलगी पाटावर, असा आमच्या चाळीतला कार्यक्रम ठरलेला. काकू मात्र बाहेर यायच्या नाहीत. शुभकार्यात विधवेनं समोर येऊ नये हे त्या स्वतःच पाळायच्या. स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून तिथनं पोह्यांच्या बश्या पुढे सरकवायच्या.

आमच्या कुसुमच्या वेळचा प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुसुमला चोविसावं सरत आलं होतं. पाच ठिकाणांहून नकार आला होता. पाचव्यानंतर ती जेवायला बसायची आणि घास तोंडात धरून ठेवायची, गिळायचीच नाही. सासूबाई तिच्यासमोर काही बोलायच्या नाहीत आणि ती नळावर गेली की माझ्यापुढे रडायच्या. हे ठिकाण ठाण्याचं होतं, मुलगा कचेरीत होता, माणसं बरी वाटत होती. हे जर मोडलं तर पुढे बिजवरच बघावा लागेल असं ह्यांनी मला सांगितलं होतं, आणि ते कुसुमनं ऐकलं होतं.

मुलगा आला, वडील आले आणि बरोबर मुलाची मावशी. मावशी जिना चढतानाच चाळीकडे वर-खाली बघत होत्या. कुसुम पाटावर बसली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. चहा दिला. मावशींनी बशी उचलली, तड्यावरून बोट फिरवलं, मग पुढे वाकून कुसुमच्या पदराकडे नीट पाहिलं. आणि सावकाश म्हणाल्या, ‘हे पातळ मी पाहिलंय. गेल्या वर्षी माझ्या मुलासाठी इथेच वरच्या मजल्यावर आले होते ना, तेव्हा. हा रफू तेव्हाही मोजला होता मी, तीन ओळींचा. आणि चहाही ह्याच कपांतून प्यायलेय.’

 ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. कुसुमनं पदराचा तो रफू मुठीत झाकून धरला. मला वाटलं, संपलं. उद्यापासून ही पोरगी घासही तोंडात घेणार नाही.

आणि दाराआडून काकू बाहेर आल्या. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, हातात बशी तशीच. सासूबाईंच्या तोंडून नुसतं ‘अगंबाई’ निघालं. काकू सरळ मावशींसमोर उभ्या राहिल्या.

‘पातळ माझं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘कप माझे. खुर्ची मालकांची. मुलगी मात्र ह्यांची आहे, ती कुठून मागून आणलेली नाही. बघायची तर तिला बघा.’

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मावशींनी मान फिरवली.  मुलगा खुर्चीवरून उठला आणि खाली सतरंजीवर वडिलांशेजारी येऊन बसला. मग त्यानं कुसुमला विचारलं की तिला वाचायला काय आवडतं. कुसुमनं मान वर केली.

पाच दिवस आम्ही पोस्टमनची वाट पाहिली. कार्ड आलं, मुलगी पसंत.

खरं तर त्या दिवशी मी धावत जाऊन काकूंचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? पातळ घडी करून नेऊन दिलं आणि नियमाप्रमाणे काही न बोलता परत आले. सासूबाई म्हणत राहिल्या की लग्न जमलं हे खरं, पण चारचौघांत आपली लाज काढली हो हिनं. मी त्यांना गप्प केलं, पण आतून मलाही तेच सलत होतं. उपकार करून घेणं सोपं असतं, पचवणं महाकठीण. आपण दुसऱ्याचं नेसलो हे आपल्याला ठाऊक असणं वेगळं आणि कुणीतरी ते आपल्याच घरात उभं राहून सांगणं वेगळं.

पुढची सात-आठ वर्षं कशी गेली ते कळलं नाही. रेशनची रांग आखूड होत होत गेली. चाळीत वीज आली. ह्यांना बढती मिळाली. एकेका घरात एकेक वस्तू यायला लागली, आणि जी एका घरात यायची ती महिन्याभरात शेजारी यायची. आम्ही गुलाबाच्या फुलांच्या कपबश्या घेतल्या. वरच्या मजल्यावर रेडिओ आला, मग आमच्याकडे आला. खुर्च्या तर इतक्या झाल्या की धर्माशेठनी आपली खुर्ची कोंबड्यांना बसायला देऊन टाकली. बायका खुशीत होत्या, मीही होते, खोटं कशाला सांगू? मिलोच्या भाकऱ्या थापलेल्या हातांनी मी पहिल्यांदा तांदूळ निवडले तेव्हा मला रडू आलं होतं.

पण एक झालं. आधी दिवसभर उघडी असायची ती दारं आता लोटलेली दिसायला लागली. दारांना पडदे आले. कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेले ते आम्हाला नंतर कळायचं. काकूंचं पातळ वर्षातून दोनदा निघायचं, मग एकदा, मग निघेचना. ज्याचं त्याचं पातळ होतं ना आता.

आणि काकू? काकू जिथे होत्या तिथून एक पायरी खालीच उतरल्या होत्या. वकील वारले, बाई लेकाकडे पुण्याला गेल्या, काम सुटलं. काकूंची नजर अधू झाली होती, चुलीच्या धगीपुढे फार वेळ उभं राहवत नव्हतं. वासू शिकून मास्तरीण झाली, पण तिचा पगार सुरू होईपर्यंतची दोन वर्षं त्या मायलेकींनी कशी काढली देव जाणे. पूर्वी सगळेच फाटके होतो, त्यात त्यांचं फाटकं दिसत नव्हतं. आता अख्ख्या चाळीत तेच एक दिसायचं, आणि म्हणून कुणी तिकडे बघायचं नाही.

एक दिवस मी त्यांच्याकडे चाळण परत द्यायला गेले. काकू खिडकीशी बसून ते चंदेरी पातळ उजेडाकडे धरत होत्या. घडीघडीवर ते आडवं चिरत गेलं होतं, अगदी पदरापासून निऱ्यांपर्यंत. हातात सुई होती, पण ओवलेली नव्हती. मला म्हणाल्या, आता हे रफूच्या पलीकडे गेलं ग. मी हं म्हटलं आणि चाळण ठेवून आले. हे चाळीत मला एकटीलाच ठाऊक होतं, हे ध्यानात असू द्या. बाकीच्या सगळ्या बायका मनात धरून चालल्या होत्या की काकूंकडे ट्रंक आहे, त्यांच्या वासूला काय कमी.

वासूला बघायला रविवारी चार वाजता येणार, हे मला शुक्रवारी कळलं. मुलगा कोपरचा, वासूच्याच शाळेतला मास्तर, तिच्या ओळखीतला. म्हणजे पसंती अर्धीअधिक होतीच, घरच्यांनी बघून जायचं तेवढं बाकी होतं. वासू त्या दिवसांत गुणगुणत कपडे धुवायची. इतक्या वर्षांत मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. काकू दोन दिवस आधीपासून भिंती पुसत होत्या.

माझ्याकडे तेव्हा एक बंगलोरी रेशमी पातळ होतं, हिरवं, बोनसमधून ह्यांनी घेतलेलं. मी ते एकदाच नेसले होते. शनिवारी दुपारी मी कपाट उघडलं, ते काढलं, दारापर्यंत गेले आणि थांबले. मनात आलं, एकदा तरी काकूंनी तोंडानं म्हणावं. एकदा म्हणावं, सुमन, तुझं पातळ दे. इतकी वर्षं आम्ही घेत आलो, त्यांनी दिलं आणि आभारही मानू दिले नाहीत. कुसुमच्या वेळी माझ्या घरात उभं राहून ‘पातळ माझं’ म्हणाल्या. आता एकदा त्यांची पाळी. हे असंच्या असं मनात आलं माझ्या, ह्यात मी एका अक्षराचीही रंगसफेदी करत नाही.

मग मी काय केलं, ते पातळ गॅलरीत कठड्यावर उन्हाला घातलं. काकूंच्या दारासमोरच. त्यांना दिसावं म्हणूनच घातलं. त्या दोनदा बादली घेऊन गेल्या. थांबल्या नाहीत, बोलल्या नाहीत. ऊन उतरल्यावर मी घडी करून पातळ परत कपाटात ठेवलं. म्हटलं, सकाळी येतील.

रविवारी सकाळपासून काकूंचं दार सताड उघडं होतं. उंबरठा सारवलेला, आत सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात वासू केस वाळवत बसलेली. मी नळावर जाण्याच्या निमित्तानं चार वेळा त्या दारावरून गेले. प्रत्येक वेळी काकू मान वर करून माझ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, झालं का पाणी? मी म्हणायची, झालं. पुढे त्याही काही म्हणायच्या नाहीत आणि मीही नाही. बारा वाजले, दोन वाजले. हे म्हणाले, अगं देऊन ये ना, त्यात काय एवढं! मी म्हटलं, मागितलं नाही त्यांनी. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

तीन वाजता मी पातळ काढून मांडीवर घेऊन बसले. साडेतीनला उठले, पुन्हा बसले. माझे हात घामेजले होते आणि रेशमाला डाग पडेल म्हणून मी ते पुसत होते, बघा मला कशाची काळजी ती! चाराला दहा कमी असताना जिन्यावर वहाणा वाजल्या. पाहुणे लवकर आले होते. मी दारात आले तेव्हा ते काकूंच्या खोलीत शिरत होते.

वासू शाळेत नेसायची तेच सुती पातळ नेसून बाहेर आली, धुऊन इस्त्री केलेलं, खांद्यावर जोड दिलेलं. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. मुलाची आई तिच्याकडे कमी आणि खोलीकडे जास्त बघत होती. मला समोरून सगळं दिसत होतं. पाव तासात माणसं उठली. मुलगा जाताना वासूकडे बघायला वळला, तर आईनं त्याच्या कोपराला धरून त्याला पुढे घातलं.

नंतर निरोप आला, परिस्थिती फारच बेताची दिसते, पुढे सगळा भार आमच्या मुलावर येईल. मुलानं आईपुढे तोंड उघडलं नाही. वासूनं त्यानंतर पुन्हा कुणापुढे पाटावर बसायचं नाही असं आईला सांगितलं आणि ती बसली नाही. वर्षाच्या आत तिला ठाण्याच्या शाळेत जागा मिळाली, मायलेकी बिऱ्हाड हलवून गेल्या. टांग्यात ट्रंक चढवायला मी खाली उतरले होते. काकूंनी माझ्या पोरांची चौकशी केली, नीट अभ्यास करा म्हणावं त्यांना, एवढं सांगितलं आणि गेल्या.

आता कुणी म्हणेल, पातळानं का लग्नं जमतात? मीही स्वतःला तेच सांगत आले. ती बाई खोलीकडेच बघत होती, हिरवं रेशीम बघून तिचं मन फिरलं असतं कशावरून? नसतंही फिरलं. पण आमच्या कुसुमच्या वेळी काकूंनी असा हिशेब केला नव्हता.

दोनेक वर्षांनी कुसुमच्या मुलाच्या बारशाला मी ठाण्याला गेले होते. टेंभी नाक्यावर टांग्यातून उतरले तर समोर काकू, भाजीची पिशवी घेऊन. आणखी वाळल्या होत्या, चष्मा आला होता, पण चालणं तेच भराभर. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. कुसुमला काय झालं, मुलगा का, छान, बाळंतपण कुणी केलं, सगळं विचारलं. वासू बरी आहे, मुलांना शिकवते, रविवारी शिकवण्या घेते, असं सांगितलं. मला ऐकवेना. इतकी वर्षं पोटात धरलेलं एकदम तोंडाशी आलं.

मी म्हटलं, ‘काकू, वासूला बघायला आले त्या दिवशी माझ्याकडे पातळ होतं.’

‘ठाऊक आहे की,’ काकू म्हणाल्या. ‘हिरवं. आदल्या दिवशी तू गॅलरीत घातलेलं पाहिलं मी. मी वासूला म्हटलं, बघ, सुमन तुझ्यासाठी ऊन देतेय त्याला. आणून देईल सकाळी. म्हणून तर दार लावलं नाही.’

भाजीचा भाव सांगावा तशा सुरात सांगितलं त्यांनी. ना राग, ना टोमणा.  मग पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, बाळाला माझे आशीर्वाद सांग म्हणाल्या, आणि शाळा सुटायची वेळ झाली म्हणून रस्ता ओलांडून निघून गेल्या. पलीकडे गेल्यावर त्यांनी वळून हात केला. मला तो दिसला, आणि मी मान खाली घातली.